गावाची माहिती लिहायची तर आधी शीव पक्की करा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात भोगावतीकाठी आमचं लहान गाव आहे. ग्रामपंचायत गावाची माहितीपुस्तिका काढणार आहे. त्यात भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या एवढं तरी नीट यावं अशी इच्छा आहे. पण लोकसंख्येचा एक आकडा शाळेच्या भिंतीवर, दुसरा पंचायतीच्या फलकावर आणि तिसरा मोबाईलवर. इतिहासात 'पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं देऊळ' यापलीकडे काही हाताला लागत नाही. सुरुवात कुठून करावी?

शिवेपासून करा. लोकसंख्या त्यानंतर, आणि इतिहास सगळ्यात शेवटी. तुमच्या तीन आकड्यांपैकी कदाचित एकही चुकीचा नसेल. ते तीन वेगवेगळ्या गावांचे असतील, इतकंच. आपण 'गाव' हा एकच शब्द वापरतो, पण कागदावर त्याचे निदान तीन अर्थ होतात. एक महसुली गाव: ज्याचा स्वतंत्र नकाशा, स्वतंत्र आकारबंद (जमिनींचं क्षेत्र आणि सारा यांचा तक्ता) आणि गट नंबरांची स्वतंत्र मालिका असते ते. दुसरी ग्रामपंचायत: तिच्यात एक महसुली गाव असू शकतं, किंवा गट ग्रामपंचायत असेल तर दोन-तीन. तिसरी वस्ती: वाडी, धनगरवाडा, पुनर्वसित वसाहत, मळ्यातली घरं. लोक तिला गाव म्हणतात, पण तिचा हिशेब दुसऱ्याच गावात धरलेला असतो. जनगणना ग्रामीण भागात महसुली गाव धरून चालते. पंचायतीचा फलक बहुधा सगळ्या वाड्यांची बेरीज सांगतो. पोस्टाच्या पिनकोडचं क्षेत्र आणखीनच वेगळं असतं, त्यावरून गाव ठरवायच्या भानगडीत पडू नका.

तर पहिलं काम म्हणजे तलाठ्याकडून (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय) गाव नमुना १ पाहायचा आणि एकूण क्षेत्र उतरवून घ्यायचं. दुसरं, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यायची. नकाशा ऑनलाइनही दिसतो, पण शिवेचं काम करताना कार्यालयातली प्रतच हातात असावी. तो नकाशा घेऊन दोन वयस्कर शेतकऱ्यांबरोबर एकदा शीव चालून या. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथले दगड, ओढा, पाणंद, डोंगराची धार, जे असेल ते नकाशावर पेन्सिलीने टिपा. याला एक-दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात भूगोलाचं निम्मं काम होऊन जातं.

मापांची गफलत इथेच होते. जुने कागद एकर-गुंठ्यांत आहेत, जुने छापील तक्ते चौरस मैलांत, आजचा सातबारा हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठे म्हणजे १ एकर, आणि १ गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन्ही इतके जवळ आहेत की लोक एकच समजतात. घराच्या जागेला ते चालून जातं, पण पाचशे हेक्टरच्या गावाला सुमारे १.२ टक्क्यांचा फरक म्हणजे जवळजवळ सहा हेक्टर. १ एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर आणि १ चौरस मैल म्हणजे सुमारे २५९ हेक्टर एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

आता लोकसंख्या. अधिकृत म्हणून छापता येईल असा शेवटचा आकडा २०११ च्या जनगणनेचाच आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झालाय, तोवर २०११ शिवाय दुसरा आधार नाही. जनगणनेच्या 'प्राथमिक जनगणना सारा'त प्रत्येक महसुली गावाची एक ओळ असते: कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, मुख्य (वर्षातले सहा महिने वा जास्त) आणि सीमांतिक (त्याहून कमी) काम करणारे, त्यात शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. गाव शोधताना नावावर जाऊ नका, सहा अंकी गावसंकेतांकावर जा. आपल्या जिल्ह्यात शिरोली नि वडगाव एकाहून जास्त आहेत. मोबाईलवरचा तुमचा तिसरा आकडा भलत्याच गावाचा असण्याचं हे पहिलं कारण. रोमन लिपीतल्या स्पेलिंगमुळे तर हातकणंगल्यातलं गाव करवीरला जाऊन बसतं.

आकडे मिळाले की गणित सरळ आहे, तरी साक्षरतेत बहुतेक पुस्तिका चुकतात. समजा (हे आकडे केवळ उदाहरणादाखल) २००१ ला लोकसंख्या २,१४० आणि २०११ ला २,३८६. वाढ २४६, तिला २,१४० ने भागून १०० ने गुणलं की दशवार्षिक वाढ ११.५ टक्के. पुरुष १,२१८ आणि स्त्रिया १,१६८ असतील तर दर हजार पुरुषांमागे ९५९ स्त्रिया. साक्षर १,७४२ असतील तर ते २,३८६ ने भागायचे नाहीत. सहा वर्षांपर्यंतची मुलं साक्षरतेच्या मोजणीत धरतच नाहीत. ती २६२ असतील तर २,१२४ ने भागायचं, म्हणजे ८२ टक्के. चुकीच्या पद्धतीने ७३ टक्के येतात आणि गाव उगाच जिल्ह्याच्या कितीतरी मागे दिसतं. ताडून पाहायला जिल्ह्याचे २०११ चे आकडे असे: लोकसंख्या ३८,७६,००१, क्षेत्र ७,६८५ चौरस किलोमीटर, साक्षरता सुमारे ८१.५ टक्के, दर हजार पुरुषांमागे ९५७ स्त्रिया.

आकडा एकदम उडालेला किंवा पडलेला दिसला तर आनंद वा चिंता करण्याआधी शीव तपासा. दोन जनगणनांच्या मधे एखादी वाडी स्वतंत्र महसुली गाव झाली असेल तर मूळ गावाची लोकसंख्या कागदावर घटते, प्रत्यक्षात माणूसही हललेला नसतो. कोल्हापूर शहराला लागून असलेल्या गावांत उलटं होतं. शेतं प्लॉट होतात, कॉलन्या उभ्या राहतात आणि दहा वर्षांत आकडा दीडपट होतो. अशी वाढ 'गावाची वाढ' म्हणून एका ओळीत लिहू नका. गावठाण किती वाढलं आणि कॉलन्या किती वाढल्या हे वेगळं सांगा. गाव फार वाढलं तर जनगणना त्याला 'जनगणना शहर' म्हणते, मग तिथे ग्रामपंचायत असली तरीही. त्यासाठी लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लागते. तुमचं गाव २००१ च्या ग्रामीण यादीत सापडतं आणि २०११ च्या सापडत नाही, असं झालं तर शहरी यादी उघडा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिचा विचार फार कमी जण करतात. २०११ ची माणसांची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तो साखर कारखान्यांचा ऐन हंगाम. रानात ऊसतोडीच्या टोळ्या पालं टाकून होत्या. गणतीचा नियम असा की जो माणूस त्या संपूर्ण काळात आपल्या घरी नव्हता त्याला जिथे सापडला तिथे मोजायचं. त्यामुळे पंचगंगा-भोगावती काठच्या ऊसपट्ट्यात काही गावांच्या आकड्यात, विशेषतः शेतमजुरांच्या आणि निरक्षरांच्या रकान्यांत, त्या टोळ्याही आहेत. याच नियमाने आजरा, चंदगड, शाहूवाडीकडच्या ज्या गावांतली कर्ती माणसं मुंबईला असतात तिथले पुरुष मुंबईत मोजले गेले. अशा गावात हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त स्त्रिया दिसल्या तर 'गावात मुलींचा जन्मदर उत्तम' असं लिहू नका. ते स्थलांतर आहे. मुलींचं खरं चित्र ० ते ६ च्या रकान्यात बघायचं, तिथे मुंबईला गेलेलं कोणी नसतं.

आजची लोकसंख्या हवीच असेल तर अंगणवाडी सेविका आणि आशाताईंच्या कुटुंब नोंदवह्या हा सगळ्यात चांगला आधार. त्या दारोदार जाऊन भरलेल्या असतात. मतदार यादी चालत नाही, कारण त्यात अठराच्या आतले नाहीत आणि लग्न होऊन गेलेल्या मुली वर्षानुवर्षं राहतात. रेशनकार्डही चालत नाही. अंगणवाडीचा आकडा छापताना 'अंदाजे, अमुक महिन्याच्या सर्वेक्षणानुसार' असं लिहा. मात्र ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या त्यावर ठरत नाही, ती शेवटच्या जनगणनेवर ठरते: १,५०० पर्यंत ७, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७.

जुने आकडेही जमवा. १९६० च्या सुमारास निघालेल्या जिल्हा गॅझेटियरच्या (सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाच्या) शेवटी गावांची निर्देशिका आहे. त्यात १९५१ ची लोकसंख्या, बाजाराचा दिवस, पिण्याचं पाणी विहिरीचं की नदीचं, देवळं, शाळा, यात्रा असं सगळं खुणांच्या अक्षरांत एकेका ओळीत दिलंय. सत्तर वर्षांपूर्वीच्या गावाचं इतकं नेमकं चित्र दुसरीकडे मिळणार नाही. १९११ ते १९२१ या दशकात देशाचीच लोकसंख्या घटली होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने आणि त्याआधीपासून चाललेल्या प्लेगने गावं रिकामी केली. तुमच्या गावाची घट दिसली तर कारण बहुधा तेच. प्लेगात लोक माळावर झोपड्या घालून राहिले आणि काही वाड्यांचा जन्म तिथेच झाला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहण्यासारखं आहे.

भूगोलाचं पान अक्षांश-रेखांशाने सुरू करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. आपला जिल्हा पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला सपाट काळवट असा उतरता आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला पाचशे-सहाशेच्या घरात, तेही शंभर किलोमीटरच्या आत. म्हणून 'कोल्हापूर जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान' गावाच्या पुस्तिकेत छापणं निरर्थक आहे. तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची दहा वर्षांची नोंद मागून घ्या. माती लिहिताना शेतकऱ्याचे शब्द ठेवा: नदीकाठची मळी, काळी, तांबडी, मुरमाड, डोंगरकडेचा जांभा. कुठल्या मातीत काय पिकतं ते पुढे एका वाक्यात.

पाण्यावर मात्र भरपूर जागा द्या. भोगावती राधानगरीच्या धरणाकडून येते. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला चढलं की ते आपोआप उघडतात. पुढे प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते, ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. नदीकाठच्या प्रत्येक गावाने पुराची नोंद पुस्तिकेत द्यायलाच हवी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. पण हे फूट तुमच्या गावातले नव्हेत. गावात काय करायचं ते सांगतो. १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठल्या पायरीला, कुठल्या घराच्या जोत्याला, कुठल्या खांबाला लागलं ते माणसांना जागेवर नेऊन दाखवायला सांगा. एका ठिकाणी निदान दोन माणसांचं जुळलं पाहिजे. मग पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतो तशी त्या सगळ्या खुणांची उंची एकाच पक्क्या जागेवरून मोजा, उदाहरणार्थ पंचायतीच्या पायरीपासून किती फूट वर वा खाली. शेजारी त्या दिवशीची तुमच्या जवळच्या बंधाऱ्यावरची पातळी लिहा. पुढच्या पावसाळ्यात 'बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की आपला कुठला रस्ता बंद होतो, कुठली गल्ली उठवायची' हे त्या एका पानावरून कळेल. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा नकाशातली निळी रेषा (पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (शंभर वर्षांतून एकदा येणारा) गावनकाशावर उतरवून घ्या. बांधकामाला परवानगी देताना पंचायतीला त्या लागतातच.

इतिहास. इथेही पहिला प्रश्न शिवेचाच: १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याआधी तुमचं गाव कोणाकडे होतं? थेट करवीर दरबारच्या खालशात, की विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी यांपैकी एखाद्या जहागिरीत? शिरोळ तालुक्यातली काही गावं तर करवीरची नव्हतीच, कुरुंदवाडसारख्या पटवर्धनी संस्थानांची होती. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. हे ठरल्याशिवाय दफ्तर शोधायला गेलात तर महिनाभर चुकीच्या रुमालांत (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत) जाईल.

याचा सुगावा पुष्कळदा नावातच असतो. करवीर तालुक्यातच सडोली खालसा आणि सडोली दुमाला अशी दोन गावं आहेत. खालसा म्हणजे ज्याचा वसूल थेट सरकारात जायचा ते, दुमाला म्हणजे ज्याचा वसूल इनामदाराला लावून दिलेला ते. कसबा म्हणजे बाजारपेठेचं, कारभाराचं गाव. बुद्रुक मोठं, खुर्द धाकटं. गाव नमुना ३ ही दुमाला, म्हणजे देवस्थान-इनाम, जमिनींचीच नोंदवही आहे, ती तलाठ्याकडे पाहायला मिळते. शिवारातली नावंही अशीच बोलतात. शेरी म्हणजे सरकारची वा जहागिरदाराची खाजगी जमीन. आणि आज जिथे नुसतं रान आहे त्या तुकड्याला 'पांढर' म्हणत असतील तर तिथे एके काळी वस्ती होती. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. नांगरटीनंतर तिथे जाऊन बघा. राखट माती, खापरांचे तुकडे, क्वचित जात्याचा तुकडा दिसेल. उकरू नका, जागा नकाशावर टिपा आणि फोटो घ्या.

कागद मोडीत असणार. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबारचं दफ्तर आहे, तिथे अर्ज करून बघता येतं. जाताना पेठा वा तालुक्याचं जुनं नाव, गावाच्या नावाची जुनी रूपं आणि साधारण साल घेऊन जा. मोडी वाचणारा माणूस बरोबर हवा. शाहू महाराजांनी १९१८ च्या सुमारास कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हापासून गावपातळीचे कागद जास्त शिस्तीत मिळतात. त्यांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणून त्या वर्षांच्या आसपासची शाळेची जनरल रजिस्टरं असतील तर ती सोन्यासारखी जपा. किती मुली, कुठल्या व्यवसायातली घरं, कुठल्या वर्षी मुलांनी मधेच शाळा सोडली, हे सगळं त्यात आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातली जुनी जन्म-मृत्यूची कोतवाल बुकंही तशीच. या दोन्हींतून बेरजा छापा, माणसांची नावं आणि जाती नको.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना साल विचारू नका, ते चुकतं. खूण विचारा: कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर (११ डिसेंबर १९६७), बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर. वीज, एसटी, पहिला पंप, पहिला स्लॅब यांची सालं अशीच बसवता येतात.

आणि तुमचं ते पांडवांचं देऊळ. पांडवांची गोष्ट गावाची आहे, ती 'असं सांगतात' म्हणून जरूर द्या. पण देवळासमोर नाहीतर पिंपळाखाली शेंदूर फासलेले उभे दगड असतील, ते नीट बघा. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) असेल तर चित्रं खालून वर वाचायची. सगळ्यात खाली लढाई, कधी शेजारी पळवून नेलेल्या गाई. मधल्या चौकटीत वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य वा कलश. खाली गाई असतील तर तो बहुधा गावची जनावरं सोडवताना पडला. आपल्याच तालुक्यातल्या कसबा बीडला असे वीरगळ ओळीने आहेत, एकदा पाहून या म्हणजे डोळा बसेल. अक्षरं असतील तर ती शिलाहारांच्या (मध्ययुगात इथे राज्य करणाऱ्या घराण्याच्या) काळातली, जुन्या कन्नडमध्ये वा संस्कृतात असू शकतात. वाचता यावीत म्हणून त्यात खडू, चुना, मैदा, तेल काही भरू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. अंधार पडल्यावर दगडाच्या एका कडेने अगदी आडवी बॅटरी धरा. खोलगट अक्षरांत सावली पडते आणि दिवसा गुळगुळीत दिसणारा दगड बोलायला लागतो. चारही बाजूंनी बॅटरी फिरवून चार फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागात दाखवा.

देवळाचा जीर्णोद्धार ठरला असेल तर हे काम त्याच्या आधीच करा. जुने दगड नव्या बांधकामाच्या पायाभरणीत टाकले जातात, उरलेल्यांवर ऑइलपेंट बसतो, आणि मग त्या गावाकडे सांगायला खरोखरच पांडवांची गोष्ट तेवढी राहते. ठेकेदार येण्यापूर्वी प्रत्येक कोरीव दगडाला खडूने नव्हे, दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधून नंबर द्या, नंबरासह फोटो, लांबी-रुंदी आणि तो कुठे, कुठल्या दिशेला तोंड करून उभा होता हे वहीत लिहा, आणि ती वही पंचायतीच्या दप्तरात जमा करून पोच घ्या.